घरून काम: आधी ठरवा, मग बसा

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. पाण्याचे पंप, हवेचे कॉम्प्रेसर, प्रयोगशाळेतली छोटी उपकरणं. कुठला नट आधी सैल करायचा, कुठली झडप नंतर उघडायची, असलं सगळं. कामाची जागा म्हणजे घरातलं एक टेबल. ओळखीतलं कुणी घरून काम करायला लागलं की हमखास फोन येतो, "तुला बरं जमतं गं, आमचा दिवस कुठे जातो तेच कळत नाही." मग मी दर वेळी तेच ते सांगते. एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

माझ्या कामात एक नियम आहे. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला हातात पाना घेऊन विचार करत बसायची वेळ येता कामा नये. विचार लिहिणाऱ्याने आधीच केलेला असतो. त्याने पायरी वाचायची आणि करायची. घरून काम करणाऱ्याचं घोडं इथंच अडतं. ऑफिसात कितीतरी गोष्टी परस्पर ठरलेल्या असतात: कुठे बसायचं, कधी सुरू करायचं, जेवायला कधी उठायचं. शेजारचा बॅग आवरायला लागला की आपणही आवरतो. घरी यातलं काहीच ठरलेलं नसतं. सकाळी खुर्चीत बसल्यावर आधी मेल बघू की अहवाल लिहू, कपडे आत्ता मशीनला लावू की दुपारी, हा फोन आत्ताच करून टाकू का, असले प्रश्न एकामागून एक येत राहतात. ते सोडवण्यातच डोकं शिणतं आणि मग आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. माझ्या मते यात आळसाचा फारसा हात नसतो. ठरवणं आणि करणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असतात, म्हणून दमायला होतं. ती वेगळी करायची. पुढे जे काही सांगते आहे ते त्यासाठीच.

आदल्या संध्याकाळची चिठ्ठी

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याचा, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

काम संपवण्याआधीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. मोठी वही नको, कारण वहीत पानं असतात आणि पानं दिसली की माणूस यादी वाढवत नेतो. त्या कागदावर उद्याची तीन कामं लिहा. कामाच्या शेवटी क्रियापद हवं, आणि कुठली फाईल उघडायची तेही लिहायचं. 'पंपाचं काम' असं लिहिलं तर सकाळी पुन्हा विचार करावा लागतो की पंपाचं नेमकं काय. माझ्या चिठ्ठीवर असतं ते असं: 'पंप, प्रकरण ४: झडपेची आकृती समोर ठेवून पायऱ्या ७ ते १२ तपासणे.' खाली वेळ: 'सकाळी ९ ते १०.३०.' एवढं लिहिलेलं असलं की सकाळी डोकं जागं व्हायच्या आत हात कामाला लागलेले असतात.

हे निव्वळ माझं खूळ नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली एका लेखात हेच मांडलं होतं: नुसतं 'मी हे करणार' म्हणण्यापेक्षा केव्हा, कुठे आणि कसं करणार हे आधी ठरवलेलं असलं तर गोष्ट प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते. त्यांची शिफारस 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा साच्याची. घरी हा साचा फार कामी येतो, कारण घरात 'अमुक' ठरलेल्या वेळी होतच असतं. मुलगा शाळेत गेला, दार लागलं, की मी फाईल उघडते. घड्याळ बघायचीही गरज पडत नाही.

चिठ्ठीचा दुसरा उपयोग रात्री होतो. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, हा सगळ्यांचाच अनुभव. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी दाखवलं की असं काम पुरं झालं नाही तरी चालतं. ते केव्हा आणि कसं करायचं याचा नीट बेत आखला, तरी मनातली टोचणी कमी होते. म्हणजे कागदावर एक ओळ उतरली की डोकं ती सोडून देतं.

तीनच कामं का? कारण आपले अंदाज चुकतात, आणि नेहमी एकाच बाजूला चुकतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीकडे लक्ष वेधलं: काम किती वेळात होईल हे सांगताना माणूस पूर्वी तसल्याच कामाला किती वेळ लागला होता ते विसरतो आणि सगळं सुरळीत पार पडेल असं गृहीत धरतो. उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. चिठ्ठीवर कामापुढे अंदाज लिहा आणि काम झाल्यावर खरा लागलेला वेळ. चिठ्ठ्या फेकू नका. दोनतीन आठवड्यांनी चाळल्या की कळतं. मला आकृत्या असलेलं एक पान तयार करायला चाळीसेक मिनिटं लागतात. मनात मात्र ते अजूनही वीस मिनिटांचंच काम असतं. तारीख देताना मी मनाला विचारत नाही, चिठ्ठीला विचारते.

जागा

स्वतंत्र खोली असेल तर उत्तम. बहुतेकांना नसते, आणि तिच्यावाचून अडतही नाही. अडतं ते जागा रोज बदलण्यामुळे. आज पलंगावर, उद्या सोफ्यावर, परवा जेवणाच्या टेबलावर असं केलं की चार्जर एकीकडे, वही तिसरीकडे, आणि पहिला अर्धा तास शोधाशोधीत.

जेवणाचंच टेबल वापरायचं असेल तर झाकणाचा एक खोका आणा. लॅपटॉप, चार्जर, माउस, वही, हेडफोन, चिठ्ठी, सगळं त्यात. सकाळी खोका टेबलावर आला की ऑफिस उघडलं, संध्याकाळी झाकण लागलं की बंद. भिंती नसल्या की ही हद्द हातानेच आखावी लागते. पलंगावर बसून काम करू नका, एवढं मात्र मी हट्टाने सांगते. पाठीचं तर वाटोळं होतंच, शिवाय रात्री त्याच जागी झोप यायला वेळ लागतो.

पाठीवरून आठवलं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी, आणि स्क्रीन साधारण हातभर लांब. कोपर काटकोनाच्या जवळपास वाकलेलं, पाय जमिनीवर टेकलेले. लॅपटॉपमध्ये हे सगळं एकदम साधत नाही, कारण स्क्रीन वर घेतला की कीबोर्डही वर जातो. म्हणून पहिली खरेदी करायची ती वेगळ्या कीबोर्ड-माउसची. मग लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली तरी भागतं. महागडी खुर्ची त्यानंतर. खिडकी शक्यतो बाजूला असावी. मागे असली तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली तर डोळे दिपतात. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे चुरचुरतात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं.

दिवसाचे तुकडे

दिवसभर सारख्याच जोमाने काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. आठवडाभर स्वतःवर नजर ठेवा आणि डोकं कुठल्या वेळी सर्वांत लख्ख चालतं ते टिपून घ्या. माझे सकाळचे दोन-अडीच तास खरे. दुपारी तीननंतर मी फक्त फायलींना नावं देणं, दुरुस्त्या भरणं, मेलना उत्तरं देणं असली हमाली करते. कुणाचं याच्या उलट असेल. ती वेळ सापडली की तिच्यात मेल उघडायचा नाही, मीटिंग घ्यायची नाही, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उपडा ठेवून भागत नाही. हात आपोआप जातोच.

एका वेळी चार कामं पुढे रेटण्याचा मोह घरी जास्त होतो, कारण बघायला कुणी नसतं. शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली या प्रकाराचा अभ्यास केला: पहिलं काम अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग पहिल्यातच रेंगाळतो आणि दुसरं नीट होत नाही. पण घरी तर व्यत्यय येणारच. बेल वाजते, कुरिअर येतो, कुणाला तरी काहीतरी सापडत नसतं. यावरचा उतारा लरॉय यांनीच २०१८ साली थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत दिला आहे: उठण्याआधी, परत आल्यावर काय करायचं ते थोडक्यात लिहून ठेवा. मी तर वाक्याच्या मध्येच उठते आणि फाईलमध्येच ठळक अक्षरांत लिहून जाते, 'इथून पुढे: झडप बंद केल्यावर दाब किती, ते आकृतीत बघ.' पाच सेकंदांचं काम आहे. परतल्यावर 'मी काय बरं करत होते' हा प्रश्नच पडत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोदोरो पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, शिकत असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ वापरून ती बसवली. पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. नकोशा कामाला हात घालायला ती चांगली आहे, कारण पंचवीस मिनिटं कुणीही सहन करू शकतं. पण लिहायची लय लागलेली असताना घंटा वाजली की चिडचिड होते. म्हणून मी ती दुपारच्या हमालीसाठी ठेवली आहे आणि सकाळी घड्याळाला शिवत नाही.

घरातली माणसं

"घरीच तर आहेस ना!" या वाक्याशी भांडून उपयोग नाही. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. तुम्ही समोर दिसता, डोळे उघडे असतात, मग दोन शब्द बोलायला काय हरकत?

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, कधी मोकळी नाही ते सांगणं सोडलं आणि कधी मोकळी आहे ते सांगायला लागले. 'कामात आहे' हे दिवसभर ऐकून समोरचा कंटाळतो आणि एक दिवस ऐकेनासा होतो. 'साडेअकराला उठणार आहे, तेव्हा बसू' असं सांगितलं की तो थांबतो. सासूबाईंना बँकेचा फॉर्म भरून हवा असतो, औषधाची चिठ्ठी वाचून हवी असते. पूर्वी त्या दारात येऊन "अगं, एकच मिनिट" म्हणायच्या. आता टेबलाच्या कोपऱ्यावर एक ताटली ठेवली आहे, तिच्यात कागद टाकतात. साडेअकराला मी ताटली घेऊन त्यांच्याकडे जाते. "आई, काय काय आलंय आज?" या भेटीची त्यांनाही सवय झाली आहे, आणि कागदाशिवाय बोलायच्या गोष्टीही त्या वेळेसाठी राखून ठेवतात.

दुसरी गोष्ट मुलाची. 'थोड्या वेळाने' याला लहान मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो, दर दोन मिनिटांनी ते विचारायला येणार, "झाला का थोडा वेळ?" भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा आणि मोठा काटा कुठे आला की तुम्ही उठणार ते दाखवा. आणि काटा तिथे आला की उठा. वाक्य अर्धं असलं तरी उठा, ते कसं सोडायचं ते वर सांगितलंच आहे. दोनदा शब्द फिरवलात तर घड्याळाला कुणी विचारणार नाही, आणि मुलाचा त्यात काही दोष नसेल.

लांबची माणसं

सहकाऱ्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा मेसेजने ते काम करायला हवं. नुसतं 'हाय, आहेस का?' पाठवून उत्तराची वाट बघणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. मेसेजमध्ये तीन गोष्टी एकदमच लिहाव्यात: काय हवं आहे, कधीपर्यंत हवं आहे, आणि उत्तर आलं नाही तर मी काय करणार आहे. उदाहरणार्थ: 'पंपाच्या आकृती ३ मध्ये झडप डावीकडे दाखवली आहे, मजकुरात उजवीकडे. बरोबर कुठलं? उद्या दुपारी १२ पर्यंत सांगशील का? तोवर कळलं नाही तर मी आकृती प्रमाण मानून पुढे जाते आणि तिथे खूण करून ठेवते.' शेवटच्या वाक्याची किंमत मोठी आहे. त्याने तुमचं काम अडत नाही आणि समोरच्यावर ओझंही पडत नाही. मीटिंग बोलावण्याआधीही हा कस लावा: विचारायचा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला तर तो मेसेजच पाठवा, लिहिता येत नसेल तर आधी प्रश्न नीट घडवा.

वरिष्ठांना संध्याकाळी दोन ओळी पाठवा, न मागता: आज काय झालं, कुठे अडलं. चॅटमध्ये नावापुढचा, ऑनलाइन असल्याचं दाखवणारा हिरवा ठिपका जिवंत ठेवण्यासाठी माउस हलवत बसण्यापेक्षा हे बरं. लांब असलेला माणूस नजरेआड होतो ही भीती पोकळ नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरात नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा वाटा मात्र जास्त मिनिटं काम केल्याचा होता, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेला दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्याचा. एवढं करूनही, त्याच दर्जाचं काम करणाऱ्या ऑफिसातल्या लोकांच्या तुलनेत त्यांना बढत्या कमी मिळाल्या. प्रयोगानंतर निवडीची मुभा मिळाली तेव्हा बरेच जण ऑफिसात परत गेले, आणि एकटेपणाची तक्रार त्यांच्यात ठळक होती. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कामाविना एखाद्या सहकाऱ्याशी बोलत जा. तो वेळ वाया गेला असं धरू नका.

फायलींचं थोडक्यात. नावाची सुरुवात तारखेने करा, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: '२०२५-०३-१४ पंप प्रकरण ४'. असं केलं की संगणक आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरं अंतिम' ही नावं कायमची हद्दपार करा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर चालेल.

थांबणं

ब्रिटिश इतिहासकार सिरिल पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिलं होतं की काम हाताशी असलेल्या वेळाइतकं पसरतं. घरी हाताशी रात्रही असते, त्यामुळे काम तिथवर पसरतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, वेळ तुम्हालाच ठरवावी लागेल आणि सहकाऱ्यांना सांगावीही लागेल. मेलखालच्या सहीत वेळ लिहून ठेवा. वाद न घालता काम होतं. आणि रात्री अकराला सुचलेलं उत्तर लिहा हवं तर, पण सकाळी पाठवा. एकदा रात्री उत्तर गेलं की समोरच्याने तुमची वेळ वाढवून घेतलीच म्हणून समजा.

दोष आणि उपाय

प्रत्येक माहितीपुस्तकाच्या शेवटी हे पान असतं, तेव्हा इथेही देते.

सुरुवातच होत नाही: चिठ्ठीवरचं काम मोठं झालंय. त्याचा दहा मिनिटांत होणारा तुकडा पाडा. तोही सुरू होत नसेल तर कामात काहीतरी कळलेलं नाही, विचारा.

दुपारी डोळे मिटतात: वीस मिनिटं झोपा, गजर लावून. ऑफिसात हे करता आलं नसतं, तेवढा तरी घराचा फायदा घ्या. खुर्चीत बसून पेंगणं म्हणजे ना झोप ना काम.

दिवसाचे तीन तेरा वाजले: पाहुणे आले, मूल आजारी पडलं, तीनपैकी एकही काम झालं नाही. कामं उद्याच्या चिठ्ठीवर ढकलताना तीनची पाच करू नका. कुणाला तरी तारीख बदलून मागावी लागेल. ती आजच मागा, उद्या नको.

इंटरनेट गेलं: चालू कामाच्या फायलींची प्रत लॅपटॉपवरच असू द्या आणि मोबाईलचं हॉटस्पॉट एकदा आधीच जोडून पाहा. पासवर्ड कुठे लिहिलाय ते ऐन मीटिंगमध्ये आठवत नाही.